स्वतंत्र युरोपप्रवासाचे अर्थकारण

युरोपचा प्रवास महाग असतो हे विधान खरे असले तरी अपुरे आहे, कारण तेथे एकाच रेल्वेगाडीत शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी सारख्याच अंतरासाठी मोजलेल्या पैशांत दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो आणि त्या फरकाचे कारण आसनाच्या दर्जात नसून तिकीट कोणत्या दिवशी काढले यात असते. विमान, रेल्वे, लांब पल्ल्याची बस आणि हॉटेलची खोली यांचे दर मागणीनुसार रोज बदलतात. काही ठिकाणी तर प्रवासी कुठला आहे यावरही दर ठरतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांसाठी प्रवेशशुल्क ३२ युरो केले, तर त्या क्षेत्रातल्यांसाठी ते २२ युरोच राहिले. अशा व्यवस्थेत बेताच्या खर्चात आणि स्वतःच्या जबाबदारीवर फिरू पाहणाऱ्याला काटकसरीच्या सवयीपेक्षा दर कसे ठरतात याची जाण अधिक उपयोगी पडते. रोजची कॉफी टाळून जेवढे वाचते त्याच्या कितीतरी पट, घरून निघण्यापूर्वी घेतलेल्या चार-पाच निर्णयांत वाचते किंवा वाया जाते.

महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्यांपैकी मोठा वर्ग सहल कंपन्यांबरोबर जातो आणि त्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. कंपनी खोल्या आणि बस घाऊक दराने घेते, हॉटेल शहराच्या वेशीबाहेर ठेवून खर्च कमी करते, रात्री वरण-भाताची सोय करते आणि दहा-बारा दिवसांत सहा-सात देशांना पाय लावून आणते. हाच कार्यक्रम एखाद्या कुटुंबाने स्वतः आखायचे ठरवले, तर तेच हॉटेल आणि तोच प्रवास त्याला किरकोळ दराने विकत घ्यावा लागतो. सहल कंपनीचे पत्रक समोर ठेवून त्यातली गावे जशीच्या तशी उतरवून घेणे ही स्वतंत्र प्रवासाची सर्वांत महागडी पद्धत होय. गाव बदलले की तिकीट लागते, अर्धा दिवस जातो, खोली मिळेपर्यंत सामान लॉकरमध्ये ठेवण्याचे पैसे पडतात आणि नव्या शहराच्या वाहतुकीचा पास पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो. म्हणून स्वस्त आराखड्याची पहिली कसोटी मुक्कामांची संख्या ही असते. बारा दिवसांत तीन शहरे हे प्रमाण खिशाला आणि पायांना दोन्हींना झेपणारे असते.

देशोदेशीच्या सीमा सहज ओलांडता येतात ती सोय मुळात एका कराराची आहे. लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठच्या शेंगेन या लहानशा गावी १४ जून १९८५ रोजी बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि तेव्हाचा पश्चिम जर्मनी या पाच देशांनी आपसांतील सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने उठवण्याचे मान्य केले आणि २६ मार्च १९९५ पासून ते प्रत्यक्षात आले. १ जानेवारी २०२५ रोजी रुमानिया व बल्गेरिया यांच्या जमिनीवरील सीमाही खुल्या झाल्या आणि आता या क्षेत्रात २९ देश आहेत. शेंगेन क्षेत्र, युरोपीय संघ आणि युरो हे चलन या तीन गोष्टींच्या सीमा मात्र एकमेकींशी जुळत नाहीत आणि आराखडा फसतो तो बहुधा येथेच. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही शेंगेनबाहेर आहेत. चेक प्रजासत्ताक, हंगेरी आणि पोलंड शेंगेनमध्ये असले तरी त्यांची चलने अनुक्रमे कोरुना, फोरिंट आणि झ्वोटी अशी वेगळी आहेत. ब्रिटन तर यांपैकी कशातच नाही, त्यामुळे ‘जाता जाता लंडन’ म्हणणाऱ्याला दुसरा व्हिसा, दुसरे शुल्क आणि कागदपत्रांचा दुसरा गठ्ठा तयार करावा लागतो. चार माणसांच्या कुटुंबाने बेताच्या खर्चातल्या पहिल्या प्रवासात लंडन वगळावे, हे उत्तम.

भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो आणि तो एकदा मिळाला की सामान्यतः सर्व २९ देशांत चालतो. जून २०२४ पासून त्याचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो असून त्याहून लहान मुलांना ते माफ आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क निराळे पडते. अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस करता येतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस आणि शंका निघाल्यास पंचेचाळीस दिवसांपर्यंत लागू शकतात. किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा आहे. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम असा की ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम, त्याच्याकडे. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून क्षेत्रात पहिला प्रवेश होणार, त्याच्याकडे. व्हिसा कितीही मुदतीचा असला तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंदीची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाल्यामुळे हा हिशेब आता अधिकाऱ्याला पानांवरचे शिक्के मोजत करावा लागत नाही. भारतात राहणाऱ्या अर्जदारांसाठी एक सवलत एप्रिल २०२४ मध्ये आली. मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमानुसार वापरलेल्यांना दोन वर्षांचा आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास पाच वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. म्हणजे पहिल्याच खेपेला सगळा युरोप उरकण्याची घाई करण्याचे कारणही त्यामुळे उरत नाही.

याच व्हिसाच्या अटींतून भारतीय प्रवाशाच्या आखणीतला मुख्य पेच निर्माण होतो. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम, मुक्कामाचे आरक्षण, जाण्यायेण्याच्या विमानाचा तपशील, बँकेचे खातेउतारे आणि नोकरदाराच्या बाबतीत रजेचे पत्र द्यावे लागते. पण व्हिसा मिळण्याआधी सर्व तिकिटे विकत घ्यावीत तर नकार आल्यावर पैसे बुडतात आणि मिळेपर्यंत थांबावे तर स्वस्त तिकिटे संपून जातात. यावर उपाय आहे तो क्रमाचा. मुक्काम आधी ठरवावेत आणि ते विनाशुल्क रद्द करता येतील अशाच अटीवर ठरवावेत, भले खोली थोडी महाग पडो; विमानाचे आरक्षण वाणिज्य दूतावासाची अट पाहून, शक्य तोवर परतावा मिळेल अशा प्रकारात करावे; शहराशहरांतली रेल्वेची तिकिटे मात्र व्हिसा पासपोर्टवर चिकटल्यानंतरच काढावीत. यासाठी हातात किमान दोन महिने उरले पाहिजेत, आणि म्हणून अर्ज प्रवासाच्या तीन-चार महिने आधी गेला पाहिजे. खोटी आरक्षणे विकणारे मध्यस्थ गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्या नादी लागू नये, कारण नकाराची नोंद पुढच्या अर्जाच्या वेळीही समोर येते.

हे सारे एका प्रत्यक्ष मार्गावर ताडून पाहणे सोयीचे. प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही तीन शहरे पहिल्या स्वतंत्र प्रवासासाठी फार उपयुक्त आहेत. तिन्ही नदीकाठी वसलेली, तिन्ही एकेकाळी हाब्सबुर्ग साम्राज्याचा भाग असलेली आणि पॅरिस-झुरिकच्या मानाने, त्यातही प्राग आणि बुडापेस्ट, बरीच स्वस्त. प्रागहून व्हिएन्ना रेल्वेने सुमारे चार तास, तेथून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. व्हिएन्नाहून तासाभराच्या अंतरावर स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा आहे. ती मुक्काम न हलवता एका दिवसात पाहून होते, त्यामुळे देशांची मोजदाद करण्याची ज्यांना हौस आहे त्यांचा चौथा देशही विनासायास पदरात पडतो. मुंबईहून आखाती देशांत विमान बदलून प्रागला उतरावे आणि बुडापेस्टहून परतावे. जाण्याचे शहर एक आणि परतीचे दुसरे असे तिकीट, ज्याला विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी-सिटी’ म्हणतात, अनेकदा साध्या परतीच्या तिकिटाएवढ्याच किमतीत मिळते आणि आरंभाच्या शहरी मागे येण्याचा एक दिवस व एक भाडे वाचते. या मार्गावर प्रागला चार, व्हिएन्नाला तीन आणि बुडापेस्टला पाच रात्री ठरवल्या, तर अर्ज हंगेरीकडे जाईल. हीच वाटणी उलटली तर चेक प्रजासत्ताकाकडे. ज्या देशाच्या केंद्रात भेटीची वेळ लवकर मिळते तिकडे एक-दोन रात्री खऱ्याखुऱ्या वाढवणे पूर्णपणे नियमात बसते.

रेल्वेच्या बाबतीत बहुतेकांच्या मनात प्रथम पास येतो. १९५९ साली युरोपबाहेरील प्रवाशांसाठी १३ देशांत चालणारा युरेल पास निघाला आणि १९७२ साली युरोपातल्याच २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी इंटररेल आले. आज दोन्ही ३३ देशांत चालतात आणि भारतात राहणाऱ्याला त्यांपैकी युरेल घेता येतो. पासचे खरे मोल मोकळेपणात आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा देशांत बहुतेक गाड्यांना आसन आरक्षणाची सक्ती नसल्याने पासधारक मनात येईल त्या गाडीत चढू शकतो. फ्रान्स, इटली आणि स्पेनमधील वेगवान गाड्यांना मात्र पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात आणि फ्रान्समध्ये पासधारकांसाठीच्या जागा मोजक्याच असतात. ज्याने व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम आधीच ठरवला आहे त्याला हा मोकळेपणा विकत घेण्यात फारसा अर्थ नाही. त्याने सुटी तिकिटे आगाऊ काढावीत. राष्ट्रीय रेल्वे कंपन्या स्वस्त तिकिटांचा ठरावीक साठा गाडी सुटण्याच्या काही महिने आधी खुला करतात आणि तो संपत जाईल तसा दर चढतो. जिथे एकाहून अधिक कंपन्या धावतात तिथे दर आणखी उतरतात. इटलीत २०१२ पासून इतालो, स्पेनमध्ये २०२१ पासून विगो या कंपन्यांनी सरकारी गाड्यांशी स्पर्धा सुरू केली आणि प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट या मार्गावर रेजिओजेट ही खासगी गाडी धावते. स्वस्त तिकिटाची अट एवढीच की ते त्याच गाडीला बांधलेले असते. गाडी चुकली की तिकीटही गेले. रात्रीच्या गाड्यांचे जाळे ऑस्ट्रियाच्या सरकारी रेल्वेने डिसेंबर २०१६ पासून ‘नाइटजेट’ या नावाने वाढवले असून त्यांतील सहा बर्थचा कप्पा भारतीय प्रवाशाला मुळीच परका वाटणार नाही. एका हॉटेलची रात्र वाचते ती वेगळीच.

स्वस्त विमानांची गोष्ट जरा सावधपणे ऐकावी लागते. युरोपीय संघातील विमानवाहतूक १९९३ ते १९९७ या काळात पूर्णपणे खुली झाली, कोणत्याही सदस्य देशातील कंपनीला कोणत्याही दोन शहरांदरम्यान उड्डाण करण्याची मुभा मिळाली आणि रायनएअर, ईझीजेट यांसारख्या कंपन्यांनी भाडे बसच्या पातळीवर आणले. हे भाडे माणसाचे असते, सामानाचे नव्हे. आसनाखाली मावणाऱ्या पिशवीपलीकडे प्रत्येक गोष्टीचा दर वेगळा असतो. शिवाय तिकिटावर ज्या शहराचे नाव असते ते विमानतळापासून जवळ असेलच असे नाही. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे आणि फ्रँकफुर्टचे म्हणवणारे हान जवळपास १२० किलोमीटरवर, म्हणजे मुंबईच्या नावाखाली लोणावळ्याच्याही पलीकडे उतरवल्यासारखे. पाच तासांपर्यंतच्या अंतराला रेल्वे आणि त्यापुढे विमान, हा ढोबळ नियम बहुधा बरोबर ठरतो. प्रवाशाच्या बाजूची एक तरतूद येथे सांगितली पाहिजे. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणारे विमान कंपनीच्या दोषामुळे तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचले, तर २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते आणि हा हक्क भारतीय प्रवाशालाही आहे.

मुक्कामाच्या खर्चावरचा जुना तोडगा म्हणजे युवा वसतिगृह. रिशार्ड शिरमान हा जर्मन शिक्षक १९०९ साली विद्यार्थ्यांसह पदभ्रमणात असताना वादळात सापडला आणि एका शाळेत गवत अंथरून त्यांनी रात्र काढली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत मुलांची अशी सोय सर्वत्र का करू नये, या विचारातून आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह उभे राहिले आणि १९३२ मध्ये ॲमस्टरडॅमला या चळवळीचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. हिमालयातील ट्रेकमुळे महाराष्ट्रात घराघरांत माहीत असलेली यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ही त्याच महासंघाची भारतीय शाखा असून तिचे सदस्यत्व युरोपातील संलग्न वसतिगृहांतही मान्य होते. हॉस्टेल म्हणजे केवळ तरुणांची सामाईक खोली ही समजूत आता जुनी झाली. कुटुंबासाठी चार खाटांची स्वतंत्र खोली बऱ्याच ठिकाणी मिळते आणि मोठे आकर्षण म्हणजे सामाईक स्वयंपाकघर. दर पाहताना स्थानिक पर्यटनकर धरायला विसरू नये. ॲमस्टरडॅममध्ये तो खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे.

खाण्याच्या बाबतीत मध्य युरोप शाकाहाऱ्याला वाटतो तितका कठीण नाही, आयता सोपाही नाही. प्रागमधील कामकरी लोक दुपारी घेतात ते ‘पोलेदनी मेनू’, म्हणजे कामाच्या दिवशी दुपारी मिळणारे ठरावीक जेवण, रात्रीच्या मानाने निम्म्याच्या आसपास पडते. म्हणून मोठे जेवण दुपारी घ्यावे आणि रात्री पाव, दही, फळे यांवर भागवावे. चेकमध्ये तळलेले चीज, बुडापेस्टच्या बाजारात लसूण व आंबट साय लावलेले लांगोश हे भटुऱ्यासारखे तळलेले प्रकरण, आणि कोणी क्राकोपर्यंत गेलाच तर पोलंडच्या ‘बार म्लेच्नी’ या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या दूध-खानावळीतील बटाटा व चीजचे पिएरोगी, एवढ्यावर पोट भरते. सूप भाज्यांचे दिसले तरी पाणी हाडांचे असू शकते आणि तळणीत डुकराची चरबी असू शकते, तेव्हा विचारून घ्यावे. खिचडीचे डाळ-तांदूळ, मेतकूट, चटण्या सोबत नेण्यास हरकत नाही. पण तूप, खवा, पनीर यांसारखे दुधाचे व मांसाचे पदार्थ संघाबाहेरून सामानात आणण्यास बंदी आहे. ताज्या फळांपैकी केळी, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन एवढीच विनाप्रमाणपत्र चालतात. हापूसची पेटी परदेशस्थ भाचीसाठी घेऊन निघणाऱ्यांनी हे आधी वाचावे. व्हिएन्नात रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच खरेदी उरकावी लागते. पाणी मात्र विकत घेण्याचे कारण नाही, कारण १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात येते.

पैसे काढताना होणारी गफलत लहान दिसते पण रोज होते. प्रागच्या जुन्या चौकाभोवती खासगी एटीएम पावलोपावली उभी असतात. कार्ड आत गेल्यावर पडद्यावर प्रश्न येतो की खात्यातून रक्कम कोरुनात वजा करावी की रुपयांत. रुपयांचा आकडा ओळखीचा असल्याने बोट आपोआप तिकडे वळते आणि त्या क्षणी विनिमयाचा दर ठरवण्याचा अधिकार स्वतःच्या बँकेकडून त्या यंत्राच्या मालकाकडे जातो, जो अर्थातच स्वतःच्या फायद्याचा दर लावतो. उत्तर नेहमी स्थानिक चलनाचेच द्यावे. दुकानातील कार्डयंत्रालाही हाच नियम. युरो भरलेले फॉरेक्स कार्ड कोरुना किंवा फोरिंटमध्ये वापरल्यास चलन बदलण्याचे वेगळे शुल्क लागते, हेही बँकेला आधी विचारावे. अशीच दुसरी गफलत शहरी वाहतुकीत होते. प्राग-व्हिएन्नाच्या मेट्रोला मुंबईसारखी दारे नसतात. कागदी तिकीट विकत घेऊन पुरत नाही, फलाटाच्या वाटेवर किंवा ट्राममध्ये असलेल्या छोट्या यंत्रात ते घालून त्यावर वेळ उमटवावी लागते. न उमटवलेले तिकीट खिशात असणे आणि तिकीट नसणे यांत तपासनीस भेद करत नाही.

प्रेक्षणीय स्थळांचा खर्च मात्र आखणीने बराच आवरता येतो. ऑस्ट्रियाच्या सरकारी संग्रहालयांत १९ वर्षांखालील सर्वांना प्रवेश विनामूल्य आहे, त्यामुळे शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला व्हिएन्ना ऐकून वाटते तितके महाग पडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा उघडलेल्या वीन म्युझियमचे कायमचे दालन तर सर्वांनाच खुले आहे. अन्यत्रही, माद्रिदच्या प्रादोत रोजचे शेवटचे दोन तास आणि इटलीच्या सरकारी संग्रहालयांत महिन्याचा पहिला रविवार विनाशुल्क असतो, गर्दी मात्र तेवढी सोसावी लागते.

राहता राहिला हंगामाचा प्रश्न. महाराष्ट्रातील शाळांच्या उन्हाळी सुटीत सगळे एकाच वेळी निघतात, त्यामुळे मार्चपासून व्हिसा केंद्रात भेटीची वेळ मिळणे कठीण होते आणि विमानाचे दर चढतात. जुलै-ऑगस्टमध्ये युरोप स्वतःच सुटीवर असतो. त्या मानाने ऑक्टोबरअखेर ते मध्य नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीची सुटी, हा काळ खोल्यांच्या आणि गाड्यांच्या दृष्टीने स्वस्त असतो. दिवस लहान होतो, साडेचार-पाचला अंधारू लागते आणि जाड कोट लागतो, एवढी त्याची किंमत. वृद्ध आई-वडिलांना सोबत नेणाऱ्यांनी, किंवा जिने चढत सामान ओढणे ज्यांना झेपणार नाही त्यांनी, सरळ सहल कंपनी गाठावी. इतरांनी दिवाळीचा बेत असल्यास मे-जूनमध्येच कामाला लागावे आणि सर्वांत आधी पासपोर्ट काढून पाहावा. तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असला पाहिजे, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असला पाहिजे आणि त्यात निदान दोन कोरी पाने असली पाहिजेत.